एटीव्हीचं हाफ इंजिन आणि धुळीचा माग

नोव्हेंबर २०२५ मध्ये ११० सीसीच्या एका चिनी एटीव्हीचं (कच्च्या वाटेवर चालणाऱ्या छोट्या, उघड्या चारचाकीचं) हाफ इंजिन केलं. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) न फोडता वरचं सगळं काम: हेड, व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन, रिंगा. क्रँककेस फोडली की ते फुल इंजिन. यंत्र मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे एका शेतावर असतं आणि छोटी ट्रॉली ओढतं. काम १ तारखेला सुरू झालं आणि १६ तारखेला इंजिन चालू झालं. त्यातले हाताने काम केलेले दिवस जेमतेम चार, बाकी वाट बघण्यात गेले. पुण्यात अशा यंत्राला हात लावणारं कुणी चटकन मिळत नाही, म्हणून सगळे आकडे आणि क्रम इथे लिहून ठेवत आहे.

लक्षणं साधी होती. सकाळी थंड इंजिन पाच-सहा किकांनंतर धरायचं, चढावर दम तुटायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की निळसर धूर. तेल दर पाच-सहा तासांना साधारण १०० मिली कमी व्हायचं. धूर कधी येतो याकडे लक्ष द्या. रात्रभर उभ्या गाडीला सुरू करताना एकदाच भपकारा आला आणि मग थांबला, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या सीलवर घ्यावा. लोड घेताना सतत येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर. इथे दुसरा प्रकार होता.

पण धुरावरून इंजिन उघडायचं नसतं, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायचं. या इंजिनाला सी७एचएसए जातीचा छोटा प्लग लागतो, त्याचे आटे १० मिमीचे. बाजारातल्या बहुतेक कॉम्प्रेशन गेजसोबत १० मिमीचं टोक येतं, पण एक गोष्ट तपासून घ्या: हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी आहे का, की लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला, गेजपाशी. तो गेजपाशी असेल तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात मिळवली जाते आणि इतक्या लहान इंजिनात आकडा खोटा, बराच कमी दिसतो. चांगलं इंजिनही मग मेलेलं वाटतं. गेज १,१५० रुपयांना पडला. बॅटरी पूर्ण चार्ज, चोक न लावता, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. कोरडा आकडा ७८ पीएसआय. मग प्लगच्या भोकातून साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा: ११८. तेल रिंगांभोवती तात्पुरतं सील करतं, त्यामुळे आकडा वर गेला याचा अर्थ गळती रिंगांतून आहे. आकडा जागचा हलला नसता तर व्हॉल्व्ह. या जातीच्या धडधाकट इंजिनात दीडशेच्या पुढे आकडा अपेक्षित असतो. तेल टाकूनही ११८ वरच अडकला, म्हणजे व्हॉल्व्हचंही काहीतरी होतं.

त्याच दिवशी कार्बोरेटर आणि एअर फिल्टरच्या मधला रबरी बूट काढला. खालच्या बाजूला, वरून कधीच न दिसणाऱ्या जागी, क्लॅम्पच्या कडेने बोटभर चीर होती. कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं तर लालसर मुरमाची धूळ लागली. फिल्टर स्वच्छ होता, वेळच्या वेळी धुतलेलाही होता, पण हवा त्याला वळसा घालून आत जात होती. या कामात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. धुळीची वाट बंद न करता नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार, फक्त खर्च दुसऱ्यांदा होणार.

रविवारी, २ तारखेला इंजिन उघडलं. आधी बाहेरून नीट धुवा, खास करून सिलिंडरच्या बाहेरच्या, त्याला गार करणाऱ्या पात्यांमधला चिखल, नाहीतर तो सरळ क्रँककेसमध्ये पडतो. तेल काढा. सायलेन्सर, कार्बोरेटर, प्लग काढा. डाव्या बाजूचं कव्हर काढलं की मॅग्नेट (क्रँकबरोबर फिरणारं जड चाक) दिसतं. ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून त्यावरची टी अक्षराची रेघ केसवरच्या खुणेसमोर आणायची. त्याच वेळी हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण उघडून टायमिंग गिअरवरची खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे ना ते पाहायचं. दोन्ही खुणा जुळल्या आणि दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) हाताला सैल लागले तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. टी जुळली पण टॅपेट घट्ट, तर अजून एक पूर्ण फेरा द्या. या क्षणी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, जोडताना तेच उपयोगी पडतात.

टायमिंग चेन ढिली करायचा बोल्ट या इंजिनात अनपेक्षित ठिकाणी आहे: क्रँककेसच्या खाली, १४ च्या पान्याचा. तो काढला की स्प्रिंग आणि दांडी खाली येते, आणि मग गिअर सहज सुटतो. गिअरचे बोल्ट काढताना खालच्या पोकळीत कापड कोंबा. चेन मोकळी झाल्याबरोबर तारेने वर बांधा.

हेडचे चार मुख्य नट एकदम सोडायचे नाहीत. कर्णरेषेत, एकेक पाव फेरा. कोणता नट आणि कोणतं वॉशर कुठून निघालं ते पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा, कारण एका स्टडच्या भोवतीने तेल वर जातं आणि तिथे तांब्याचं सील करणारं वॉशर असतं. ते दुसरीकडे गेलं तर नव्या कामातून तेल झिरपतं आणि लोक पॅकिंगला (जोडातल्या गॅसकेटला) दोष देतात. डाव्या बाजूला हेडला आणि सिलिंडरला ६ मिमीचे आडवे बोल्ट असतात, तेही काढायचे. ते विसरून हेड ओढत बसल्याने ॲल्युमिनियमचा कान तुटलेली इंजिनं पाहिली आहेत. हेड निघत नसेल तर नायलॉनच्या हातोडीने बाजूंनी हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, तिथे पडलेला चरा पॅकिंग कधीच भरून काढत नाही.

सिलिंडर वर सरकवताना पिस्टन खालून बाहेर येण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड भरा. रिंगचा तुकडा किंवा पिस्टन पिनचं लॉक आत पडलं तर हाफ इंजिनचं फुल इंजिन होतं. पिन हाताने निघाली नाही तर पिस्टनभोवती गरम तेलात बुडवलेला फडका मिनिटभर धरा. आडवी ठोकून काढू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इथे थांबून एक तपासणी करायची, आणि ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही. कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. पण वर-खाली जराही खटका लागला तर खालची बेअरिंग गेली आहे, आणि वर नवं सामान टाकणं व्यर्थ आहे. इथे खटका नव्हता. नवी पिन रॉडच्या वरच्या भोकात घालूनही पाहायची असते. तीही ठीक बसली.

मग मापं. मायक्रोमीटर आणि बोअर गेज एका वर्कशॉपवाल्या मित्राकडून आणले होते. सिलिंडर तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर काटकोनात दोनदा मोजायचा. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५२.४ मिमी. खाली, जिथे रिंग पोचत नाही, तिथे ५२.४१ म्हणजे जवळजवळ नवा. मध्ये ५२.४७. वर, पहिली रिंग जिथे वळते, तिथे ५२.५२. पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) ५२.३३. म्हणजे सगळ्यात जास्त अंतर ०.१९ मिमी, आणि अशा इंजिनात ०.१० च्या पुढे गेलं की काम काढावं लागतं.

झीज कुठे आहे यावरून धूळ कोणत्या वाटेने आली ते कळतं. हवेतून आलेली धूळ सिलिंडरचा वरचा भाग आणि पहिली रिंग सगळ्यात जास्त खाते. घाण तेलातून आलेली असती तर सिलिंडरचा खालचा भाग आणि ऑइल रिंग जास्त झिजली असती. इथे पहिली रिंग करड्या, मॅट रंगाची, उभ्या बारीक रेघांनी भरलेली होती, आणि ऑइल रिंग त्या मानाने बरी. फाटलेला बूट आणि ही मापं एकच गोष्ट सांगत होती.

बरेच मिस्त्री म्हणतात, नुसत्या रिंगा टाका, भागेल. भागत का नाही त्याचा हिशेब सोपा आहे. बोअर ०.१० मिमीने वाढला की परीघ ०.३१ मिमीने वाढतो, आणि तितकंच रिंगचं तोंड उघडतं. या सिलिंडरमध्ये वरच्या आणि खालच्या मापात ०.११ चा फरक होता. म्हणजे नवी रिंग प्रत्येक फेऱ्यात वर जाताना पाव मिलिमीटरहून जास्त उघडणार आणि खाली येताना मिटणार. मिनिटाला हजारो वेळा. ती नीट बसायच्या आधीच थकते.

हेड उलटं धरून ज्वलनकक्षात पेट्रोल ओतलं. इनटेककडून दहा मिनिटांत थेंब नाही, एग्झॉस्टकडून अर्ध्या मिनिटात ओल. सीटची (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेची) रुंदी एग्झॉस्टला जवळपास २ मिमी झाली होती, हवी साधारण १ मिमी. रुंद सीटवर दाब पसरतो, कार्बन अडकतो आणि सील होत नाही. दांड्यांवरचे सील नखाने वाकेनात इतके कडक झाले होते. हेडची पातळी जाड काचेवर ठेवून फिलर गेजने पाहिली: ०.०३ ची पत्ती कुठेच शिरली नाही. ०.०५ शिरली असती तर हेडला फेस मारावा लागला असता.

सोमवारी, ३ तारखेला नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. एटीव्हीला ना आरसी, ना दुकानदाराच्या यादीत मॉडेल. त्यामुळे गाडीचं नाव सांगून काही होत नाही, इंजिनावर कोरलेली जात सांगावी लागते. आमच्यावर १५२एफएमएच आहे. यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे बोअर, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं आणि शेवटचा एच म्हणजे ११० सीसीचा गट. पहिल्या दुकानात स्प्लेंडरचा ब्लॉक-पिस्टन पुढे आला. त्या इंजिनाची रचना याच घराण्याची, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) तोच ४९.५ मिमी, म्हणून गल्लत होते. पण स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी आहे. दुसऱ्या दुकानात बोअर बरोबर ५२.४ चा मिळाला, आणि धोका तिथेच होता. हाच बोअर ५५.५ मिमी स्ट्रोकच्या १२५ च्या गटातल्या इंजिनालाही असतो. त्याचा सिलिंडर उंच असतो. नुसता बोअर सांगून आणला तर घरी आल्यावर कळतं. म्हणून जुना सिलिंडर, पिस्टन आणि पिन धुऊन पिशवीत घेऊनच जा आणि काउंटरवर व्हर्नियरने चार मापं जुळवा: बोअर, सिलिंडरची उंची, पिनची जाडी आणि क्रँककेसमध्ये शिरणाऱ्या स्लीव्हचा (सिलिंडरच्या आतल्या नळीचा) बाहेरचा व्यास. आमची पिन १३ मिमीची.

पर्याय दोन होते. नवा चिनी सिलिंडर पिस्टनसकट १,८५० रुपये, किंवा जुनाच सिलिंडर बोअर करून (आतून कापून रुंद करून) ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठा पिस्टन. नवे दोन सिलिंडर तिथेच मोजले. एकाच्या वर-खालच्या मापात ०.०३ चा फरक होता. जुन्या सिलिंडरची बिडाची स्लीव्ह जाड आणि चांगली होती, म्हणून बोअरिंग ठरवलं. ओव्हरसाइज ०.२५ च्या पायऱ्यांनी येतात. आकड्यांवरून वाटेल की ५२.५२ ची झीज ५२.६५ मध्ये निघून जाईल. पण झीज एका बाजूला जास्त असते, आणि बोअरचा मध्य खालच्या न झिजलेल्या भागावरून धरायचा असतो, त्यामुळे जास्त झिजलेल्या बाजूला ०.२५ पुरेल याची खात्री नसते, वर होनिंगसाठी (दगडाने बारीक घासण्यासाठी) थोडा माल ठेवावा लागतो. म्हणून ०.५० चा घेतला. पिस्टन, रिंगा, पिन, लॉक मिळून ७४० रुपये, पॅकिंग सेट २२०, व्हॉल्व्हची जोडी ४६०, सील ९०.

बिल मागा, आणि त्यावर माल बसवण्याआधी माप न जुळल्यास परत, असं लिहून घ्या. एकदा तेल लागलेला माल कुणी परत घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, तो आकडाही बिलावर पाहून घ्या, कारण आम्ही माल घेतला तेव्हा दुकानात जुन्या छापील किमतींचे डबे होते.

पिस्टन आधी घ्यायचा आणि बोअर नंतर करायचा, हा क्रम उलटा करू नका. पाकिटावर ०.५० लिहिलेले दोन पिस्टन मोजले, स्कर्टच्या खालच्या कडेपासून १० मिमी वर आणि पिनच्या काटकोनात. एक ५२.८६ भरला, दुसरा ५२.८३. बोअर ठरतो तो हातातल्या पिस्टनवरून, पाकिटावरून नाही. ५२.८६ चा ठेवला. हवेवर थंड होणारं, कमी वेगात ओझं ओढणारं इंजिन तापतं, म्हणून अंतर ०.०४ मागितलं. म्हणजे बोअर ५२.९० हवा.

मंगळवारी, ४ तारखेला सिलिंडर, पिस्टन आणि हेड भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दिलं. पावतीवर पिस्टनचं माप, हवं असलेलं अंतर आणि होनिंगच्या जाळीच्या रेघा तिरप्या, साधारण ४५ अंशांच्या, असं लिहून घेतलं. तोंडी सांगितलेलं काम दुसऱ्या पाळीतल्या माणसापर्यंत पोचत नाही. बुधवारी गुरुनानक जयंती, गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. भोसरीला काम द्यायचं असेल तर गुरुवार हिशेबात धराच. शनिवारी, ८ तारखेला काम मिळालं. बोअर ५२.९० च्या आतबाहेर पाच मायक्रॉनपेक्षा (०.००५ मिमी) जास्त कुठे नव्हता, रेघाही छान होत्या. पण सिलिंडरच्या खालच्या तोंडाची कड धारदार सोडलेली होती. तिथे चॅम्फर (तिरपी घासलेली कड) नसेल तर सिलिंडर पिस्टनवर उतरवताना रिंग कडेवर अडकते आणि तुटते. घेतानाच बोट फिरवून पाहायला हवं होतं, घरी आल्यावर लक्षात आलं. सोमवारी, १० तारखेला पुन्हा फेरी. दहा मिनिटांचं काम, पण एक दिवस गेला. बोअरिंग-होनिंग ५०० रुपये, सीट कापून व्हॉल्व्ह घासणं ४००. हेड परत आल्यावर पेट्रोलची चाचणी पुन्हा केली. दोन्ही पोर्ट कोरडे राहिले.

सगळ्यात साधी वस्तू सगळ्यात उशिरा आली: तो रबरी बूट. नाना पेठेत मिळाला नाही. जवळच्या मापाचा रेडिएटर होज बसवून दे, असं एकाने सुचवलं, पण तो कार्बोरेटरच्या तोंडावर नीट बसत नव्हता, आणि जिथून धूळ आली तिथेच जुगाड करायचं नव्हतं. ३ तारखेलाच ऑनलाइन मागवला, दिल्लीहून १२ तारखेला आला. बूट आणि स्पंजचा नवा फिल्टर ६५०, कुरिअर ८०.

मधल्या दिवसांत उजव्या बाजूचं कव्हर काढून तेलाची चाळणी आणि क्लचवरचा फिरता फिल्टर साफ केला. हे काम बहुतेक जण टाळतात, कारण त्याला वेगळं पॅकिंग लागतं आणि नंतर क्लचची सेटिंग पाहावी लागते. पण झिजलेल्या स्लीव्हचं लोखंड आणि मुरमाची पूड तिथेच जमा होते. आमच्यात फिरत्या फिल्टरच्या कडेला काळ्या मेणासारखा चांगला २ मिमीचा थर होता. तो तसाच ठेवला असता तर नवा पिस्टन पहिल्या दिवसापासून त्याच घाणीने धुतला गेला असता.

सिलिंडर बोअर करून आला की तो स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेघांत अडकलेली असते आणि रॉकेलने किंवा पेट्रोलने ती निघत नाही. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. घासा, धुवा, पांढऱ्या कापडाने पुसा. कापड करडं झालं की पुन्हा. पाचव्या खेपेला कापड पांढरं राहिलं. लगेच कोरडं करून तेल लावा, बिडाला काही मिनिटांत गंज चढतो.

रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने १५-२० मिमी आत सरळ ढकलायची आणि तोंडातली फट मोजायची. पहिल्या रिंगला ०.१३ मिळाली. कमी फट जास्त फटीपेक्षा वाईट, कारण तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. बारीक कानशीने एकच टोक, बाहेरून आतल्या दिशेला घासत, ०.२० वर आणली. दुसरी ०.२२ होती, तशीच ठेवली. रिंगवरचं अक्षर वर, ऑइल रिंगच्या दोन पट्ट्यांची तोंडं वेगवेगळ्या बाजूंना, आणि वरच्या दोन्ही रिंगांची तोंडं एकमेकींपासून १२० अंशांवर. एकही तोंड पिनच्या रेषेत नको.

जोडणी १५ आणि १६ तारखेला. पिस्टनवरचं आयएन इनटेककडे. लॉक नवीनच, आणि त्याचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ द्यायचं नाही. बसवल्यावर पेचकसाच्या टोकाने फिरवून पाहा, खोबणीत पूर्ण बसलेलं लॉक फिरतं पण उडत नाही. पॅकिंग कोरडं बसवलं, गॅसकेटचं पातळ सोल्युशन लावलं नाही, कारण तेलाच्या वाटेत ते ओघळतं. डॉवेल (जोड नेमका बसवणाऱ्या छोट्या नळ्या) आणि तेलाच्या वाटेवरची ओ-रिंग विसरू नका. ओ-रिंग राहिली तर कॅमला तेल पोचत नाही. हेडच्या नटांचा टॉर्क (आवळायचा जोर) स्टडच्या जाडीवर ठरतो, म्हणून तो आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्या. तो तीन टप्प्यांत गाठायचा: निम्मा, पाऊण, पूर्ण, दरवेळी कर्णरेषेत. बाजूचे ६ मिमीचे बोल्ट मुख्य नटांनंतर, १० न्यूटन-मीटरवर. आधी ते आवळले तर हेड तिरकं बसतं.

मॅग्नेटची टी खूण आणि गिअरची खूण जुळवून चेन चढवली, टेन्शनरची दांडी, स्प्रिंग आणि बोल्ट बसवला, आणि पान्याने मॅग्नेट हळूच दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठेही कठीण अडथळा आला तर जोर लावायचा नाही. एका दाताची चूक इथेच सापडते, सेल्फ मारल्यावर सापडली तर व्हॉल्व्ह वाकलेला असू शकतो. टॅपेट दोन्ही ०.०५ मिमी, थंड इंजिनावर. नट आवळताना स्क्रू फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा पत्ती घालून पाहायचीच. आमचा एग्झॉस्ट तिसऱ्या खेपेला बसला.

नवा बूट दोन्ही टोकांना नव्या क्लॅम्पने बसवला, स्पंजला फिल्टरचं तेल चोळून पिळून लावलं, आणि एअरबॉक्सच्या आतल्या कडेला, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, ग्रीसचा पातळ हात फिरवला. धूळ कुठून चोरून शिरत असेल तर ती या ग्रीसवर रेघ सोडते.

प्लग काढून, २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल ८०० मिली भरून, थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारला. वरच्या टॅपेटच्या झाकणातून पाहिलं, कॅमला तेल पोचलं. मग प्लग बसवला आणि रविवारी, १६ तारखेला दुपारी तिसऱ्या प्रयत्नात इंजिन धरलं. पहिली पाच-सात मिनिटं पांढरट धूर येतो, तो सिलिंडरला लावलेल्या तेलाचा. घाबरायचं नाही, पण तो विरत जायला हवा. दहा मिनिटांनी बंद, पूर्ण थंड, मग पुन्हा. असे तीन वेळा. नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवू नका. रिंगा बसायला दाब लागतो आणि होनिंगच्या ताज्या रेघा पहिल्या काही तासांतच काम करतात. मध्यम लोड, वेग कमी-जास्त करत, चढावर थोडं ओढून मग सोडून चालवलं. ट्रॉली पहिले पाच तास जोडली नाही.

अर्ध्या तासाने पहिलं तेल काढलं. त्यात चांदीसारखी चमक होती, तेवढी अपेक्षित असते. बोटाला टोचणारे कण नव्हते. थंड झाल्यावर हेडचे नट एकदा टॉर्कवर तपासले, दोन नट थोडे फिरले. पाच तासांनी दुसरं तेल, त्यात चमक जवळजवळ नव्हती. तेलाचे तीन डबे ३८० प्रमाणे १,१४०, प्लग १२०, किरकोळ पॉलिश पेपर आणि पेस्ट ६०. हत्यारं सोडून सगळा खर्च ४,४६० रुपये झाला.

२० तास १४ डिसेंबरला पूर्ण झाले. कॉम्प्रेशन कोरडं १५६ पीएसआय. तेलाची पातळी पाच तासांच्या बदलानंतर काडीवर हलली नव्हती. एग्झॉस्टचा टॅपेट ०.०४ वर आला होता, नव्या सीटवर व्हॉल्व्ह बसताना फट कमी होते, तो परत ०.०५ केला. मग बूट काढून कार्बोरेटरच्या तोंडात पांढरं कापड फिरवलं. पेट्रोलचा पिवळसर डाग आला, लाल नाही. ग्रीसच्या कडेवर मात्र एका कोपऱ्यात, एअरबॉक्सच्या झाकणाच्या स्क्रूखाली, नखाएवढी लाल रेघ होती. त्या स्क्रूचे आटे गेलेले निघाले. तिथे मोठा स्क्रू आणि रबरी वॉशर बसवला, कड पुसून ग्रीसचा नवा हात दिला, आणि पुढची तपासणी २५ व्या तासाला ठेवली.